केशरी झिनियाशेजारी राणी तेरडा

मित्रांनो, मी एक जुना भगोना, म्हणजे मोठं पातेलं आहे. ॲल्युमिनियमचा, जाड बुडाचा, दोन कानांचा. आधीच सांगून टाकतो, मी वैतागलेला भगोना आहे. माझ्या पोटात आज ज्या रंगांची फुलं उगवली आहेत, ती एकमेकांशेजारी ठेवायचं धाडस कुणी शहाण्या माणसाने करू नये. पण ऐकतो कोण? भगोन्याला तोंड मोठं असतं, बोलता मात्र येत नाही.

मी जन्मापासून कुंडी नव्हतो. लातूरच्या गंजगोलाईतल्या एका भांड्यांच्या दुकानात मी उपडा पडलो होतो. तिथून जलीलचाचांनी मला उचललं आणि अहमदपूरला आणलं. जलीलचाचा रंगरेज, म्हणजे कापड रंगवून देणारे. बाजारातल्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. माझ्याखाली भट्टी पेटायची, पाणी उकळायचं, त्यात रंगाची पूड आणि मूठभर मीठ पडायचं, आणि मग ओढण्या, अस्तरं, साडीचे फॉल माझ्यात घुसळले जायचे. बायका साडीचा एक काठ पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "चाचा, ह्याच्यासारखाच पायजे बगा." चाचा तो काठ घेऊन दुकानाबाहेर उन्हात जायचे. दिव्याच्या उजेडात त्यांनी कधी रंग ठरवला नाही. उन्हात डोळे बारीक करून बघायचे, आत येऊन चिमटीने पूड टाकायचे, आणि कापड वाळलं की काठ कुठे संपतो आणि अस्तर कुठे सुरू होतं ते बाईलाही कळायचं नाही.

मित्रांनो, त्या दिवसांचा मला फार अभिमान आहे. आमसुली, मोरपंखी, अबोली, डाळिंबी, मोतिया, सगळे रंग माझ्यात उकळून गेले, पण एकाचा डाग दुसऱ्याला लागला नाही. कुणाशेजारी कोण शोभतं, हे मी त्या बोळात शिकलो.

पुढे बाजारात तयार ड्रेस आले. सलवार, कुर्ता, ओढणी, सगळं एकाच पिशवीत, एकाच रंगात. रंगरेजाकडे जायची गरज कुणाला उरली नाही. चाचांनी दुकानाला कुलूप लावलं आणि मला घरी आणून न्हाणीच्या मागे ठेवलं. तिथे माझ्यात पावसाचं पाणी साचलं, डास झाले, उन्हाळ्यात एका मांजरीने पिल्लंही घातली. चाचा माझ्याकडे फिरकत नसत. दारात खुर्ची टाकून ते दिवसभर रस्त्याकडे बघत बसत.

मग त्यांच्या मोहसीनचं लग्न झालं आणि जळकोटची अर्शिया सून म्हणून घरात आली. तिला बागेचा नाद होता. अंगण म्हणाल तर दोन चारपाया मावतील एवढं. पण तिने डबे, फुटक्या बादल्या, जुना टायर, मिळेल त्यात माती भरली. एक दिवस न्हाणीमागे येऊन तिने मला बाहेर ओढलं, मोहसीनने माझ्या बुडाला खिळ्याने भोकं पाडली, आणि मी कुंडी झालो. भोकं पडताना फार दुखलं. पण माती पडली, पाणी पडलं, तेव्हा बरं वाटलं. परत कुणाच्या तरी कामाला आलो.

हा आनंद फुलं उमलेपर्यंतच टिकला.

अर्शियाने माझ्यात मधोमध केशरी झिनिया लावला होता, कडेने राणी रंगाचा तेरडा. केशरीला राणी! चाचांच्या दुकानात कुणी असली मागणी केली असती तर चाचांनी त्याला आधी बसवून पाणी दिलं असतं. बरं, एवढ्यावर थांबावं? माझ्या डाव्या हाताला टायरमध्ये लिंबासारखा पिवळा झेंडू, त्याला चिकटून जांभळी गुलबक्षी, आणि मागे रक्तासारखं लाल कोंबड्याचं फूल. बघणाऱ्याचे डोळे दुखावेत म्हणूनच लावल्यासारखी ती फुलं दिसत.

चाचांचेही डोळे दुखत. खुर्ची रस्त्याकडे होती, ती त्यांनी आणखी वळवून ठेवली. तरी मधूनमधून मान मागे वळायचीच. या घरात दखनी उर्दू बोलतात. मी तुमच्यासाठी ते मराठीत सांगतो आहे.

"अर्शिया," एकदा त्यांनी न राहवून म्हटलं, "तो तेरडा तिकडं भिंतीकडं ने की. केशरीजवळ बरा दिसंना."

"फुलंच हायत, अब्बा," ती हसून म्हणाली. "फुलांना काय मॅचिंग लागतंय?"

चाचांनी कपाळावर हात मारला. मला हात असते तर मीही मारला असता.

शेजारी तारामतीबाई राहतात. त्या चाचांच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या किती तरी साड्यांची अस्तरं माझ्यातच रंगली. श्रावणात एका सकाळी त्या फाटकापाशी थांबल्या आणि अंगणाकडे बघून खळखळून हसल्या.

"काय वो चाचा, माज्या साडीला जरा कुटं रंग कमी पडला तर तुमी परत बुडवून देत होतात. आन् दारात हे काय करून ठिवलंय?"

"मी न्हाई केलं," चाचा तुटकपणे म्हणाले. "सुनेची बाग हाय."

"पर घर तर रंगरेजाचं म्हनतेत की लोकं!" असं म्हणून तारामतीबाई भाजी आणायला निघून गेल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं. चाचांच्या मात्र ते फार वर्मी लागलं.

त्या दिवशी शकिलाचाची, म्हणजे चाचांची बायको, अर्शियाला सोबत घेऊन स्वतःचे डोळे तपासायला दवाखान्यात गेली होती. मोहसीन कामावर. चाचा खुर्चीतून उठले. त्यांनी बाह्या वर केल्या, अगदी दुकानात करायचे तशा, आणि माझ्यातला झिनिया मुळासकट उपटला. मग झेंडू उपटला, कोंबडा उपटला. नगरपरिषदेची घंटागाडी गाणं वाजवत आली, तिच्यात सगळं टाकून दिलं. तेरडा ठेवला, त्याच्याजवळ भिंतीकडची पांढरी सदाफुली आणून लावली. गुलबक्षी कोपऱ्यात नेली. मग फाटकापाशी जाऊन, उन्हात डोळे बारीक करून त्यांनी बघितलं.

काय सांगू तुम्हाला! राणीला पांढरा, पांढऱ्याला हिरवा. कितीतरी वर्षांनी माझ्यात रंग बसला होता. चाचा खुर्ची वळवून अंगणाकडे तोंड करून बसले आणि त्यांनी स्वतःच चहा करून प्यायला.

दुपारी दोघी परत आल्या. अर्शिया फाटकातच थांबली.

"अब्बा, झिनिया कुटं हाय?"

"काडला. आता कसं शांत दिसायलंय बग."

"कुटं टाकलाव?"

"गाडीत गेला. का? नर्सरीत पायजे तितके मिळतेत."

अर्शिया माझ्यापाशी आली, वाकली, आणि मातीत बोटं घालून काहीतरी शोधू लागली. एखादं वाळकं बोंड, एखादी पाकळी. काहीच नव्हतं. चाचांचं काम नेहमीच स्वच्छ असे.

"बी धरायचं ऱ्हायलं होतं, अब्बा," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली.

चाचा शकिलाचाचीकडे बघू लागले. तेव्हा चाची त्यांना जे म्हणाली, ते मी जसंच्या तसं ठेवतो.

"तुमको रंगां दिखते, बहू नै दिखती?"

मग चाचीने सांगितलं. अर्शियाची अम्मी दोन पावसाळ्यांपूर्वी वारली, एवढंच चाचांना माहीत होतं. तो झिनिया अम्मीच्या अंगणातला होता. अम्मी दरवर्षी बोंडं वाळवून लेकीला द्यायची. ती गेल्यावर अर्शियाने स्वतः बी धरलं, पुन्हा पेरलं. माहेरचं घर आता भाड्याने गेलेलं. अम्मीचं या घरात तेवढंच उरलं होतं, आणि ते माझ्यात होतं. मला तरी कुठे माहीत होतं? मी केशरीला राणी नको म्हणून कुरकुरत बसलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून अर्शियाने बागेला पाणी घालणं सोडलं. भांडली नाही, रडली नाही. चाचांना वेळेवर चहा देत होती, "अब्बा, जेवून घ्या" म्हणत होती. फक्त अंगणाकडे बघत नव्हती. चाचांनी स्वतः पाणी घातलं, ते इतकं घातलं की सदाफुली सडली. मग ते नर्सरीतून केशरी झिनियाचं रोप घेऊन आले, अगदी तोच केशरी, सूतभरही फरक नाही. रंगाच्या बाबतीत चाचांचा डोळा कधी चुकला नाही.

"बग, तोच रंग हाय," ते म्हणाले.

"छान हाय, अब्बा," अर्शिया म्हणाली. तिने रोपाला तांब्याभर पाणी घातलं, पाहुण्याला द्यावं तसं, आणि आत निघून गेली. चाचा रोप लावायला आणलेलं खुरपं हातात धरून उभेच राहिले. तोच रंग आणून दिल्यावरही गिऱ्हाईक खूश झालं नाही, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं.

दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी चाचा कुणालाच न सांगता एसटीत बसले आणि जळकोटला गेले. त्यांचे गुडघे दुखतात, अहमदपूरच्या बाजारातसुद्धा ते रिक्षाने जातात. संध्याकाळी परतले ते थकून चारपाईवर टेकले आणि शकिलाचाचीला सगळं सांगू लागले. मी शेजारीच होतो, म्हणून मला कळलं.

अम्मीच्या अंगणात भाडेकरूंनी फरशी घातली होती. मोटारसायकल उभी होती. एक पातंसुद्धा उरलं नव्हतं. चाचा परत फिरणार, तेवढ्यात शेजारच्या घरातून एका म्हातारीने हाक मारली. सिद्धम्मा तिचं नाव.

"कोन पायजे वो?"

"अर्शियाचा सासरा हाय मी. अहमदपूरचा."

"अगं बाई, अर्शूचे सासरे! या या, बसा. पोरगी बरी हाय न्हवं?"

चाचा बसले. मग त्यांनी खरं ते सांगितलं. तिच्या अम्मीचा झिनिया मीच उपटला, म्हणाले. रंग बघवंना म्हणून उपटला.

"रंगासाटी?" सिद्धम्मा म्हणाली. "येडे का काय तुमी? ती बाई माजी भिंतीवरून बोलायची मैतरीन. तिच्या फुलांचं बी माज्या दारात हाय की!" आणि तिने चाचांना मागच्या दारी नेलं. तिथे झिनियाचा नुसता गदारोळ होता. मधमाश्यांनी इकडचं तिकडे करून सगळं कालवून टाकलं होतं. यातला अर्शियाच्या अम्मीचा कोणता, हे सिद्धम्मालाही सांगता येईना.

"सगळंच न्या," ती म्हणाली, आणि वाळकी बोंडं खुडून तिने एका जुन्या पदराच्या तुकड्यात बांधून दिली.

चाचांनी ती पुरचुंडी अर्शियापुढे ठेवली. त्यांना माफी मागायची होती, पण जमत नव्हतं. ते इतकंच म्हणाले, "सिद्धम्माकडून आनलंय. तुज्या अम्मीनंच दिलतं तिला. कोनता रंग निगंल ते मला काय बी ठावं न्हाई."

अर्शियाने गाठ सोडली. एक बोंड हातात घेऊन चोळलं, वास घेतला. मग ती हमसून हमसून रडली, आणि चाचा खाली मान घालून तिच्यासमोर बसून राहिले. रडणं ओसरल्यावर तिनेच विचारलं, "अब्बा, गुडगे लई दुकायलेत का?"

बी दोघांनी मिळून पेरलं. माझ्यात पेरलं, टायरमध्ये पेरलं, उरलं ते भिंतीच्या कडेने पेरलं. थंडीत फुलं आली.

मित्रांनो, मी आता गप्प बसायला हवं, पण राहवत नाही. केशरी आला, ठीक. त्याच्या शेजारी विटकरी आला. विटकरीच्या अंगावर लिंबू. लिंबाच्या डोक्यावर राणी. आणि एक तर असा आला आहे, की त्याला गुलाबी म्हणावं की तांबडा म्हणावं, ते चाचांनी तीनदा उन्हात उभं राहून बघितलं तरी ठरेना. हे सगळं माझ्या एका पोटात! आधी दोन रंगांचं भांडण होतं, आता अख्खा मोहल्ला भांडतो आहे. अर्शिया मात्र ते बघून टाळ्या वाजवत म्हणाली, "अम्मीच्या दारात अगदी असंच असायचं! अब्बा, मी एकटा केशरीच घेऊन आलते."

चाचांनी पुन्हा डोळे बारीक केले. "हाव," म्हणाले. "लई... लई रंग हायत." याहून मोठी स्तुती त्यांच्याच्याने झाली नाही.

परवाची गोष्ट. फाटक उघडं राहिलं आणि कुणाची तरी शेळी आत आली. तिने थेट माझ्यात तोंड घातलं आणि त्या विटकरी फुलाचा घास घेणार, तोच दारातून आरडाओरडा झाला. चाचा चप्पल न घालता, दुखऱ्या गुडघ्यांनी पळत आले. शेळीला त्यांनी फाटकाबाहेर पार कोपऱ्यापर्यंत हाकललं. परत येऊन माझ्यापाशी धापा टाकत वाकले आणि एकेक देठ चाचपून बघू लागले. लिंबू फुलाचा एक देठ मोडला होता. तो त्यांनी काडीला दोऱ्याने बांधला. आपल्या हाताने, विटकरीच्या शेजारी लिंबू.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला एवढंच सांगणं आहे. घरातलं एखादं रोप, एखादं भांडं, एखादी वस्तू तुमच्या डोळ्यांत खुपत असेल, तर खुशाल कुरकुर करा. मीसुद्धा करतो. पण उपटायच्या आधी, टाकायच्या आधी, घरात एकदा विचारा, की हे कुणी लावलं आणि कुठून आणलं. घंटागाडी काही परत येत नाही.

आणि जमलं तर तेरडा थोडा भिंतीकडे सरकवा.