कोपराखालची दोन बोटं

“उचला पाय, रेनो. आणि माझ्याकडे नको, भिंतीकडे बघा.”

“भिंतीकडेच बघतोय. ती निदान तुझ्यासारखी बडबड करत नाही.”

ऐंशीला टेकलेल्या रेनो साल्मेलाने डावा पाय उचलला आणि लोरेनने हातातलं घड्याळ सुरू केलं. म्हातारा क्षणभर ताठ उभा राहिला, मग दोरीवरच्या ओल्या शर्टासारखा डुलायला लागला. नियमाप्रमाणे लोरेनने एक पाऊल लांब उभं राहायला हवं होतं. ती जवळ सरकली आणि तिने दोन बोटं त्याच्या कोपराखाली धरली. धरली कसली, नुसती लावली. डुलणं थांबलं. घड्याळ चालत राहिलं.

“बास!” शेवटी तीच म्हणाली. “मागच्या खेपेपेक्षा दुप्पट सेकंद झाले की! हल्ली खाता तरी काय?”

“लापशी,” रेनो म्हणाला, “आणि तुझ्या शिव्या.”

व्यायामाच्या सायकली मारणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. या जिममध्ये टाळ्या स्वस्त होत्या. कॅनडातल्या थंडर बे गावात, पूर्वी बर्फावर दगड सरकवायचा कर्लिंगचा खेळ चालायचा त्या जुन्या हॉलमध्ये ही जिम चालायची आणि येणारे बहुतेक लोक कागदगिरणीतून निवृत्त झालेले, गुडघ्यांचे, कमरेचे, मधुमेहाचे. एका लांबलचक भिंतीवर नदी रंगवलेली होती, खाली सरोवर आणि वर धबधबा. प्रत्येक सभासदाचा एक पुठ्ठ्याचा मासा, त्यावर त्याचं नाव. दर तीन महिन्यांनी तपासणी व्हायची: कंबर, हाताची पकड, खुर्चीतून उठणं, एका पायावर उभं राहणं. प्रगती दिसली की मासा हातभर वर सरकायचा. ही कल्पना मालकाची, कर्टिसची. मासा खाली आणायचा नाही, हा नियमही त्याचाच. “रडत घरी गेलेला माणूस परत येत नाही,” तो म्हणायचा. “तपासणी ही माणसं टिकवायला असते, लोरेन, पाडायला नसते.”

लोरेन पेट्रिशिनला हे पटवून द्यावं लागलं नव्हतं. बेकरीत नोकरी करायची तेव्हा ती मोठ्या हिमतीने एका जिममध्ये गेली होती आणि तिथल्या एका पोराने तिचं वजन सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं होतं. त्यानंतर कित्येक वर्षं ती कुठल्याही जिमच्या रस्त्याने गेली नाही. पुढे स्वतःच शिकवायला लागली तेव्हा तिने मनाशी ठरवलं की आपल्या हातून कोणी मान खाली घालून जाणार नाही. मग टेप थोडी आवळली गेली, खुर्चीतून अर्धवट उठलेलं पूर्ण धरलं गेलं, आणि कधी कोपराखाली दोन बोटं लागली. यात काही वाईट आहे असं तिला वाटलं नव्हतं. लोक हसत घरी जायचे आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे, खरोखर घाम गाळायचे. थोडंसं खोटं बोलून खरं काम होत असेल तर कोणाचं काय बिघडतं?

रेनोने बूट बांधले आणि हात पुढे केला. “तो कागद दे बरं. आयलाला दाखवायचाय.”

“मुलीला कशाला?”

“अगं, तिची अट आहे. लोरेनच्या तपासणीत तोल नीट आला तर तळ्यावर एकटे जा म्हणाली. नाही तर ती बरोबर येणार. आणि ती आली की सौना नाही, पोहणं नाही, नुसतं सूप आणि उपदेश.”

तळ्यावरचं लाकडी घर रेनोने आणि त्याच्या बायकोने, हेल्मीने, स्वतःच्या हातांनी बांधलेलं होतं. हेल्मी गेल्यापासून म्हाताऱ्याच्या बोलण्यात दुसरा विषयच नव्हता: काठावरची सौना, म्हणजे वाफेने अंग शेकायची लाकडी खोली, तिला लागणारं बर्चचं लाकूड, अंग तापल्यावर थेट तळ्यात मारायची बुडी. लोरेन हातातल्या कागदाकडे बघत राहिली. आत्ता सांगायला हवं, हे तिला कळत होतं. ‘थांबा, पुन्हा एकदा घेऊ,’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण रेनोचा चेहरा असा उजळला होता की तिची जीभ उचलली नाही. तिने कागद दिला, आणि वर त्याचा मासा धबधब्याच्या पायथ्याशी नेऊन लावला. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने हेल्मीच्या पद्धतीने भाजलेला वेलदोड्याचा गोड पाव आणून दिला. लोरेनने तो चवीने खाल्ला, हे तिला पुढे फार दिवस आठवत राहिलं.

उन्हाळ्याच्या अखेरीला आयला जिममध्ये आली. शाळेची बस चालवणारी, कमी बोलणारी बाई. ती कोट न काढता दारातच उभी राहिली.

“बाबांचं सभासदत्व बंद करायचंय. पडले ते तळ्यावर. खुब्याचं हाड मोडलं.”

लोरेनच्या हातातला टॉवेल हातातच राहिला. “कधी? कसे?”

“सौनाच्या पायऱ्यांवर. हातात पाण्याची बादली होती. शेजारचा माणूस होडीतून चालला होता म्हणून दिसले, नाही तर...” आयलाने ओठ घट्ट मिटले. मग सरळ लोरेनच्या डोळ्यांत बघत तिने विचारलं, “एक खरं सांगा. तुमच्या तपासणीत त्यांचा तोल नीट होता ना?”

कर्टिस काउंटरमागे होता. त्याने मान वर केली. सायकली मंदावल्या.

“होता,” लोरेन म्हणाली.

“मग उरलं एकच.” आयलाचा आवाज कोरडा झाला. “माझ्या लहानपणी बाबा फार प्यायचे. आईने सोडवली होती. मला वाटलं होतं, कायमची सुटली.”

“नाही हो, असं काही नसेल,” लोरेन पुटपुटली.

“धडधाकट माणूस रोजच्या पायऱ्यांवरून उगाच पडतो का? आणि विचारलं तर नुसते खाली बघतात.”

ती गेली. लोरेन कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बाकावर बसली. तिला आपल्या उजव्या हाताकडे बघवेना. पडणं एक वेळ नशिबावर ढकलता आलं असतं, म्हातारी माणसं पडतातच. पण आता तिच्या एका शब्दाने त्या माणसाला त्याच्या मुलीच्या नजरेत दारुडा केलं होतं. फोन करून खरं सांगावं असं तिने रोज ठरवलं आणि रोज उद्यावर ढकललं. नोकरीची भीती होती, नाही असं नाही. पण त्याहून मोठी भीती आयलाच्या त्या सरळ नजरेची होती. दवाखान्यात ती एकदा फुलं घेऊन गेली आणि खोलीत आयलाचा आवाज ऐकून, फुलं नर्सच्या हातात देऊन, चोरासारखी परतली.

गाव लहान नसलं तरी निवृत्त माणसांचं गाव लहानच असतं. पहिला बर्फ पडेपर्यंत रेनो साल्मेला पुन्हा प्यायला लागल्याची बातमी जिममध्ये येऊन जुनी झाली होती.

आणि एका सकाळी दार उघडलं तर समोर रेनोच. हातात चाकांचा वॉकर, मागे आयला. म्हातारा अर्धा झाला होता, पण शर्टाची इस्त्री मोडलेली नव्हती.

“कपाटात बूट राहिलेत माझे,” तो म्हणाला. “आणि म्हटलं, सगळ्यांचं तोंड बघून जावं. तळ्यावरचं घर विकतोय. आता मी आयलाकडेच राहणार.”

सगळे भोवती जमले. कोणी खांदा थोपटला, कोणी कॉफी आणली. तेवढ्यात वजनं उचलणारा एक जण तिकडून हसत ओरडला, “काय रेनो, पायरी हलत होती, की तुम्ही?”

दोघेचौघे हसले. रेनोही हसला, हसायचं म्हणून हसला, आणि त्याने हळूच आयलाकडे पाहिलं. आयलाने मान फिरवली. म्हाताऱ्याचे कान लाल झाले, आणि वॉकरच्या दांड्यावरची त्याची बोटं नुसतीच उघडमीट करत राहिली.

लोरेनला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. धरणीने घेतलं नाही, तेव्हा तिलाच तोंड उघडावं लागलं.

“ते प्यायले नव्हते.”

“लोरेन,” कर्टिस काउंटरमागून घाईने म्हणाला, “आपण आत बसून बोलू या का?”

“आत नको. ‘होता’ म्हटलं ते मी इथंच म्हटलं होतं.” ती आयलाकडे वळली. “त्यांचा तोल उन्हाळ्यातसुद्धा नव्हता. मी धरलं होतं त्यांना. असं.” तिने दोन बोटं वर करून दाखवली. “घड्याळ चालू होतं आणि माझी बोटं त्यांच्या कोपराखाली होती. कागदावर लिहिलं ते सगळं खोटं. तुम्ही विचारलंत तेव्हा सांगायला पाहिजे होतं. माझी हिंमत झाली नाही.”

चालायच्या व्यायामाचा एक फिरता पट्टा रिकामाच घरघरत होता. कोणीतरी जाऊन तो बंद केला.

“मी तुमच्या तोंडाकडे बघून विचारलं होतं,” आयला म्हणाली.

“हो.”

“दवाखान्यात जायचे तेव्हा पापा घ्यायच्या निमित्ताने मी बाबांच्या तोंडाचा वास घ्यायचे. रोज. कळतंय तुम्हाला? माझ्याच बापाच्या.”

लोरेनला माफी मागायलाही तोंड उरलं नव्हतं, तरी तिने ती मागितली. शब्द फार लहान निघाला. आयलाने तो ऐकला की नाही कळलं नाही.

“पुरे,” रेनो म्हणाला. “ते काही एकट्या तिचं पाप नाही.”

“बाबा, तुम्ही मध्ये बोलू नका.”

“बोलणार. कोपराखाली कोणाची बोटं लागली तर माणसाला कळत नाही होय? पाय गेलेत माझे, कातडी नाही गेली.” तो वॉकरवर वाकला. “मला ठाऊक होतं. पहिल्या तपासणीपासून ठाऊक होतं. मला तो कागद हवा होता, म्हणून गप्प बसलो.”

“मग मी ‘प्यायलात का’ म्हणून विचारलं तेव्हा सांगायचं ना तोंडानं! मी काय काय बोलले तुम्हाला!”



“दारुडा म्हणवून घेणं सोपं वाटलं गं,” रेनो म्हणाला. “दारू सोडता येते. एकदा सोडली होती, पुन्हा सोडली म्हणता आलं असतं. म्हातारपण कसं सोडू?”

आयलाने कोटाच्या बाहीने डोळे पुसले. लोरेनला वाटलं होतं की बोलून टाकलं की छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. उलट आपण ज्याला इतके दिवस फसवलं समजत होतो, तो सगळं माहीत असून आपली लाज झाकत होता, हे कळल्यावर तिला मान वर करणं जड झालं.

“घड्याळ आण,” रेनो म्हणाला.

“आज कशाला, रेनो? जाऊ द्या.”

“आण म्हणतो ना. फुकट नाही मागत, आयलाने बंद केलं तरी वर्षाची फी आधीच भरली होती मी.”

लोरेनने घड्याळ आणलं. रेनोने वॉकर पुढ्यात घेतला, चाकांना ब्रेक लावला आणि हात दांड्यांवरून उचलून जरासे वर धरले. आयला झटकन पुढे झाली, तिचा हात त्याच्या कोपराकडे गेला.

“आयला, हात मागे. लोरेन, तूही.”

“माझ्या हातात घड्याळ आहे.”

“मग दुसरा मागे.”

दोघी एक पाऊल लांब, हात पाठीमागे नेऊन उभ्या राहिल्या. शाळेत शिक्षा झालेल्या पोरींसारख्या. रेनोने भिंतीवरच्या नदीकडे नजर लावली आणि मोडका पाय उचलला. त्याची हनुवटी थरथरली, खांदा एका बाजूला झुकला. लोरेनची बोटं पाठीमागे आपोआप वळली. तिने ती मुठीत आवळून धरली. पाय टेकला. रेनोचे हात वॉकरवर आदळले.

“किती?”

लोरेनने घड्याळाकडे पाहिलं. आजवर असा खरा आकडा तिने कोणाला सांगितला नव्हता. “दोन सेकंद,” ती म्हणाली. “दोनही पुरते नाहीत.”

“लिही.”

तिने लिहिलं. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणाला कळेना, म्हणून कोणी वाजवल्या नाहीत.

रेनो वॉकर ढकलत भिंतीपाशी गेला. धबधब्याच्या पायथ्याशी हात पोचायला त्याला वेळ लागला. कर्टिस काउंटरमागून पुढे आला आणि अर्ध्यावर थांबला. रेनोने आपला मासा काढला, टाचणी ओठांत धरली आणि तो भिंतीच्या कडेकडेने खाली, नदीच्या तोंडाशी आला, जिथे नव्या सभासदांचे मासे लावायचे. तिथे त्याने मासा टाचला. तो तिरका बसला. त्याने तो काढला आणि पुन्हा सरळ टाचला. आयला जागची हलली नाही. लोरेनने लिहिणारा हात पुन्हा पाठीमागे नेला होता.