सोनगीरच्या टाक्यातला विषाणू

सोनगीर किल्ल्यावरच्या टाक्यातून वृषालीने आणलेल्या पाण्यात, अमिबाच्या पोटात, एक महाकाय विषाणू सापडला. तिचे मार्गदर्शक भामरे सर यांनी त्यावरचा शोधनिबंध एका नियतकालिकाला धाडला आणि जळगावच्या पत्रकारांना सांगून टाकलं, की ही जीवसृष्टीची नवीच शाखा आहे.

वृषाली संतापून त्यांच्याकडे गेली.

"सर, तुम्ही दाखवलेली जनुकं त्याने अमिबाकडून उचललीत. त्याची स्वतःची जनुकं ओळखीच्याच कुळात बसतात. ती तुम्ही वंशवृक्षातून का गाळलीत?"

"जुन्या कुळाची बातमी कोण छापतं, पोरी?"

तिने तिथेच उभं राहून नियतकालिकाच्या संपादकांना पूर्ण वंशवृक्ष पाठवला. शोधनिबंध परत आला. सरांनी तिला प्रयोगशाळेत यायला बंदी केली. वृषालीचा राग मात्र शमला नाही. दुसरा मार्गदर्शक शोधायला तिने धुळ्याची एसटी धरली.