जबड्याला गंज

"काका, घास चावताना जबडा दुखतो का?" डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

किल्लीवाला चपापला. सकाळी उजव्या डोळ्यापुढे अंधार झाला म्हणून आलो, आणि या जबड्याचं काय काढून बसल्या!

"दुखतो म्हणजे, दमतो. अर्ध्या पावात बसकण मारतो. गंजलाय."

"गंजलाय?"

"बायको गेल्यापासून घरात बोलायला कोण आहे? वापर नाही म्हटल्यावर गंज चढणारच. कुलपाचं तेच होतं."

यावर गृहस्थाने इलाजही शोधला होता. महिनाभर तो दुकानातल्या कुलपांशी गप्पा मारत होता. गप्पा कसल्या, थापाच! एका तिजोरीला त्याने सांगितलं, की आपण ऐन भरात होतो तेव्हा नुसतं खाकरलो तरी गल्लीतली दारं उघडायची. तिजोरीने हूं की चूं केलं नाही. जबडा जास्तच दुखू लागला, तशा त्याने थापा वाढवल्या.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी कानशिलावर बोट ठेवलं, तसा तो कळवळला.

"इथे कंगवासुद्धा लागत असेल."

"कंगवा सोडलाय. बघणारं कोण आहे?"

"काका, हा गंज नाही. डोक्याच्या रक्तवाहिन्या सुजल्यात. जबड्याला रक्त कमी पडतं, म्हणून तो दमतो. डोळ्याचंही तेच झालंय. उजव्याची खात्री देत नाही, पण डावा वाचवायचाय. इथल्या रक्तवाहिनीचा तुकडा तपासायला घेऊ, पण त्यासाठी थांबायचं नाही. स्टेरॉइड आत्ताच, शिरेतून."

"दुकान बंद करून येतो."

"बंदच समजा. सोबत कोण आहे?"

किल्लीवाल्याने मागे वळून पाहिलं, जणू कोणी आलंच असेल.

"उद्या येतील," तो म्हणाला. तिजोरीलाही पचतील अशा थापा मारणारा माणूस, पण ही काही जमली नाही.

दुसऱ्या दिवशी कानशिलाचं दुखणं उतरलं. अख्खा पाव विनातक्रार चावून झाला. उजवा डोळा मात्र गेला तो गेलाच. नर्स घडोघडी यायची, त्या डोळ्यावर हात ठेवायची आणि समोर बोटं धरायची.

"किती?"

"तीन."

"आता?"

"दोन. आणि एका नखाचा रंग निघालाय."

"अगंबाई, सगळं दिसतंय की! डावा शाबूत आहे तुमचा. आता सारखं सारखं यायला नको." ती खूश होऊन पुढच्या खाटेकडे गेली.

किल्लीवाल्याने उजवा डोळा स्वतःच्याच तळव्याने झाकला. दुसऱ्या हाताची बोटं समोर धरली.

"किती?" त्याने हळूच विचारलं, आणि उत्तर द्यायला जरा वेळ लावला.