वाऱ्याला पाठ

ऑक्टोबर नुकताच लागला होता. डकोटाच्या माळावर लोक अजून अर्ध्या बाह्यांत हिंडत होते. वर्ना टोलेफसनच्या स्वयंपाकघरातला रेडिओ मात्र भलतंच सांगत होता: उद्या दुपारी पाऊस, संध्याकाळपासून बर्फ, मांडीभर थर, वायव्येकडून सोसाट्याचा वारा.

"मांडीभर म्हणे!" तिचा मुलगा कर्टिस कॉफी ढवळत म्हणाला. "एप्रिलमध्येही हेच म्हणाले होते. आपण गुरं धावतपळत घरी आणली, आणि दुसऱ्या दिवशी तू अंगणात चादरी वाळत घातल्यास."

"तेव्हा गुरांच्या अंगावर हिवाळ्याचे केस होते. आत्ता बघ, कशी तुळतुळीत आहेत. आधी भिजतील, मग गारठतील. आणि आता ती इतक्या लांबच्या कुरणातून घरी आणायला वेळही नाही."

"मग घळीत घालतो. तिथं वारा लागत नाही."

वर्नाच्या लहानपणी तिचे वडीलही असंच म्हणाले होते. वाऱ्यानं माळावरचा सगळा बर्फ लोटून घळ काठोकाठ भरली. गाई सापडल्या त्या बर्फ वितळल्यावर. त्या वर्षी वडील जेवताना मान वर करत नसत.

"घळ नको," ती म्हणाली. "गुरं वाऱ्याला पाठ देऊन चालत राहतात. चालती राहिली तर जगतात. कुंपणाला अडली की तिथंच एकावर एक पडतात. वायव्येचा वारा त्यांना कुठं नेईल?"

"एल्मरच्या कुंपणावर." कर्टिस घुटमळला. "पलीकडे त्याची पाइनची झाडी आहे. पण आई, तो माणूस..."

तो माणूस, एल्मर फोग्ट, टोलेफसनांशी बोलत नसे. वर्नाच्या नवऱ्याचा, ऑर्विलचा वळू त्याच्या कालवडींत घुसला होता, तेव्हापासून.

वर्नानं फोन उचलला.

"एल्मर, वर्ना बोलतेय. तुझं कुंपण तोडायचंय."

"अंदाज चुकला तर? माझं हिवाळ्याचं गवत तुझी गुरं फस्त करतील."

"चुकला तर कुंपण मी माझ्या हातानं बांधीन. तू गावभर हसत हिंड."

"वळू आहे का त्यांच्यात?"

"ऑर्विल गेला, वळूही गेला."

"दोघांत वळू बरा होता," एल्मर म्हणाला. "पक्कड घेऊन ये. माझी गंजलीय."

कुंपणाच्या तारा तोडून झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पाऊस आला. अंधार पडता पडता छपरावरचा पावसाचा ताशा एकदम थांबला. बर्फ बघायला वर्नाला खिडकीशी जायची गरज वाटली नाही. अशी शांतता तिनं पूर्वी ऐकली होती.

वादळ ओसरल्यावर तिघं झाडीत पोचली. घळीचा मागमूस उरला नव्हता, सगळा माळ सपाट पांढरा. पण पाइनच्या आडोशाला गुरं उभी होती, पाठीवर बर्फाची साय, नाकातून वाफ, वर्नाची आणि एल्मरची एकमेकांना चिकटून. दोन म्हाताऱ्या गाई वाटेतच राहिल्या होत्या. वर्नानं त्यांची नावं मनात घेतली.

"कुंपण कधी बांधायचं?" कर्टिसनं विचारलं.

"रेडिओ काय म्हणतोय?" एल्मरनं वर्नाकडे पाहिलं.

"आठवडाभर ऊन."

"रेडिओवाल्यांचं काय खरं!" एल्मर तिच्या गाईच्या पाठीवरला बर्फ हातानं झाडत म्हणाला. "राहू दे उघडंच."