दरवाजा अडकला नव्हता

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला दोन नद्या मिळतात. नकाशावर त्यांना भारदस्त नावं आहेत, पण आम्ही सगळे एकीला धाकटी म्हणतो आणि दुसरीला थोरली. धाकटी जवळच्या खडकाळ डोंगरावरून येते. त्या डोंगरावर आता घरं झालीत, रस्ते झालेत, गाड्या लावायला फरशी घातलेली मैदानं झालीत. पाणी मुरायला जागाच उरलेली नाही. म्हणून पाऊस पडला की ती तणतणत येते आणि तितक्याच झटपट ओसरते. थोरली लांबून येते, जंगलातून, शेतांतून, दलदलीच्या माळावरून. वाटेत जमिनीत मुरत, झिरपत, प्रत्येक ठिकाणी पाहुणचार घेत येते. तिला यायला वेळ लागतो आणि आली की लवकर हलत नाही.

दोघींच्या वेळा जुळत नाहीत, यावर आमचं गाव उभं आहे. धाकटी येऊन जाते, मग थोरली येते. दोघी एकदम आल्या तर संगमाखालच्या गल्ल्यांत माणसं गच्चीवर चढून बसतील, आणि ज्यांना गच्ची नाही त्यांचं काय होईल ते मला बोलवत नाही.

संगमाच्या थोडं अलीकडे थोरलीवर एक बंधारा आहे आणि त्याला लोखंडी दरवाजे आहेत. तिथली इंजिनिअर मी. एक खोली, एक खिडकी, दोन फोन, बटणांची पेटी आणि त्या पेटीची किल्ली, एवढं माझं राज्य. नियम साधा आहे: वरच्या बाजूचं पाणी लाल खुणेला टेकलं की दरवाजे उघडायचे. ज्यांनी तो लिहिला त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचा बंधारा होता. खाली दुसरी नदी येऊन मिळते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

बंधाऱ्याच्या वरच्या बाजूच्या वस्तीत, सखल जागेत, माझ्या दादाचा गाद्यांचा कारखाना आहे. वरच्या मजल्यावर दादा, वहिनी आणि आमची आई राहतात. दादाने जागा घेतली तेव्हा मी सांगितलं होतं की ही थोरलीची हातपाय पसरायची जागा आहे. तो म्हणाला, मग तिलाही एक गादी देऊ. सगळे हसले. मीही हसले, कारण दादा हसवतोच तसा.

त्या आठवड्यात थोरलीच्या वरच्या भागात पावसाने उसंत घेतली नव्हती. जंगल, शेतं, माळ, सगळं पिऊन टच्च झालं होतं. जमीन घेईना, त्यामुळे पाणी या वेळी कुठेही न थांबता निघालं. आणि त्यातच एका सकाळी धाकटीच्या डोंगरावर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. गावात मात्र लख्ख ऊन. दोन्ही नद्यांवरच्या पाणी मोजायच्या ठाण्यांवरून मला फोन आले, मी पाण्याच्या वाटेचा हिशोब मांडला, पुन्हा मांडला. आयुष्यात कधी नव्हे ते दोघी बरोबर येणार होत्या.

करण्यासारखं एकच होतं. धाकटी पुढे निघून जाईपर्यंत थोरलीला धरून ठेवायचं. बंधाऱ्याला धोका नव्हता; पाणी मागे पसरलं असतं. पसरलं असतं ते माळावर, वरच्या वस्तीतल्या रस्त्यांवर आणि दादाच्या कारखान्यात. मी आधी वहिनीला फोन केला आणि सांगितलं की जे उचलता येईल ते वर न्या. मग खालच्या गल्ल्यांना सावध करायला सांगितलं. मग पाणी लाल खुणेला टेकलं, आणि मी दरवाजे उघडले नाहीत.

साहेबांचा फोन आला. ते वाईट माणूस नाहीत, कामही जाणतात, फक्त फोनवर कुणी मोठ्याने बोललं की त्यांना नियम आठवतात. त्या दिवशी वरच्या वस्तीतलं कुणीतरी फार मोठ्याने बोललं असावं. मी त्यांना दोन्ही नद्यांचे आकडे वाचून दाखवले. ते म्हणाले, ते सगळं कळतंय, पण तू उघड. मी नाही म्हटलं. पुढचे फोन मी उचललेच नाहीत.

मग दादा आला. गुडघ्यापर्यंत भिजलेला, पँटला कापूस चिकटलेला.

"उघड," तो म्हणाला.

"धाकटी जाऊ दे."

"कुठली धाकटी? खाली लोकांनी उन्हात कपडे वाळत घातलेत आणि माझा माल बुडतोय. कारागीर डोक्यावर गाद्या घेऊन जिन्यात उभे आहेत. कापूस भिजला की संपला, तो काय पिळून पुन्हा भरता येतो?"

किल्ली माझ्या खिशात होती. त्याने खिशाकडे पाहिलं. लहानपणी त्याने माझ्या हातातून काय काय हिसकावून घेतलं होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी मागे सरले नाही. मी काही धीराची वगैरे नाही, भीती होतीच. पण राग त्याहून मोठा होता. त्याच्यावर नाही. दोन नद्यांच्या मधे एक किल्ली ठेवून निघून गेलेल्या शहाण्यांवर.

"आई आहे तिथे," तो म्हणाला. "विसरलीस?"

विसरले नव्हते. मी त्याच्या देखत, स्पीकर चालू ठेवून, आईला फोन लावला. आई म्हणाली की पाणी अर्धा जिना चढलंय, ती वर आहे, आणि वहिनी रडतेय. मग तिने विचारलं, "तुझी खात्री आहे?"

"आहे."

"मग मला फोन करून काय विचारतेस? तुझं काम कर."

दादाने ते ऐकलं. त्याचा चेहरा असा झाला की मला तेव्हाच दरवाजे उघडावेसे वाटले. तो निघून गेला, आणि म्हणून पुढचं त्याने पाहिलं नाही. धाकटी आली. संगमावर पाणी मातकट झालं, फुगलं, पुलाच्या पोटाला लागलं, काठच्या गल्लीतल्या घरांच्या शेवटच्या पायरीपर्यंत चढलं. तिथे ते रेंगाळलं. मी खिडकीची चौकट इतकी घट्ट धरली होती की बोटं वळली. मग पायरी दिसू लागली. तिच्या खालची दिसली. धाकटी पुरती उतरल्यावर मी एकेक दरवाजा थोडा थोडा उचलला.

खालचं गाव म्हणालं, काहीच तर झालं नाही, उगाच घाबरवलं. वरची वस्ती म्हणाली, काहीच होणार नव्हतं, तर आम्हाला का बुडवलं?

दोन दिवसांनी साहेबांनी मला आणि दादाला समोरासमोर बसवलं. त्यांनी तोडगा काढला होता. दरवाजा अडकला, असं आपण लिहू. यंत्र आहे, बिघडतं. मग तुझी चौकशी नाही आणि भावाला कार्यालयाकडून भरपाई मिळेल. दादा खाली बघत होता. दोन्ही रात्री झोपला नसावा. त्याला ते हवं होतं, आणि त्याला ते देणं माझ्या हातात होतं.

"दरवाजा अडकला नव्हता," मी म्हटलं. "मी बंद ठेवला होता."

साहेब म्हणाले की एवढं ताठ राहून काही मिळत नाही, भावाचा तरी विचार कर.

"अडकला म्हणून लिहिलं तर तुम्ही तो दुरुस्त कराल. पुढच्या वेळी तिथे जो बसेल, त्याच्या हातात चांगला चालणारा दरवाजा असेल आणि हाच नियम असेल. तो उघडेल. नियम बदला. त्यासाठी माझी चौकशी लावायची असेल तर खुशाल लावा. भरपाई मागायची तर ती गाव वाचवण्यासाठी बुडवलेल्या मालाची मागू, मी दादाच्या बाजूने साक्ष देईन."

दादा खुर्ची सरकवून उठला आणि बाहेर गेला.

चौकशी लागली. ती संपेपर्यंत बंधाऱ्यावर यायचं नाही, असं मला सांगण्यात आलं. मी घरी गेले नाही, तडक कारखान्यात गेले. आत ओल्या कापसाचा कुबट वास कोंडला होता. वहिनी फाटलेल्या खोळी उसवत होती. तिने मला बसही म्हटलं नाही. आई जिन्यात बसून आम्हा सगळ्यांवर नजर ठेवून होती. भिंतीवर पाण्याची ओली रेघ होती आणि दादा मांडणीच्या फळ्या घेऊन तिच्यासमोर उभा होता. मी बाह्या सरसावून एक भिजलेली गादी ओढू लागले. ती जागची हलेना.

"पुढच्या वेळी उघडशील?" त्याने माझ्याकडे न बघता विचारलं.

"नाही."

"मी येऊन पाय धरले तरी?"

"तरी नाही. आणि मला तिथून काढलं, तर जो येईल त्यालाही उघडू देणार नाही."

वहिनी हातातली कात्री ठेवून माझ्याकडे बघत राहिली. दादाने हातातल्या फळ्या खाली ठेवल्या. मग त्याने मोजपट्टी भिंतीला लावली.

"मग मांडणी किती वर घेऊ ते सांग," तो म्हणाला.

मी ओल्या रेघेच्या वर हात टेकवला. त्याने पेन्सिल काढली आणि माझ्या हाताच्याही वीतभर वर खूण केली.