आईच्या कॉम्प्युटरची मुदत

"पुसलंस का रे सगळं?" आईने तिसऱ्यांदा विचारलं.

"अगं, अजून हातही लावला नाही. आधी तुझं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतोय. मग नवीन आवृत्ती टाकीन. काही पुसलं जाणार नाही."

"मग ठीक," म्हणत ती खिडकीकडे गेली, पडदा सारला, पुन्हा ओढला आणि परत येऊन त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली.

त्याचंही बूड काही खुर्चीला टिकत नव्हतं. मिनिटामिनिटाला घड्याळ बघणं चाललं होतं. दोन वाजून गेले होते आणि चारला ताईचा फोन येणार होता.

तो एका हॉस्पिटलात कॉम्प्युटर सांभाळायचा. तिथल्या साठ मशीनवरची विकतची प्रणाली काढून त्याने फुकट मिळणारी, कुणालाही आतून उघडून बघता येईल, बदलता येईल अशी प्रणाली बसवली होती आणि येता-जाता तिचे गोडवे गायचा. म्हणून सगळे त्याला फुकटराव म्हणत, नर्स मंडळी तर तोंडावर. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. "शिकायला सोपी, आणि एकदा टाकली की पाच वर्षं दुरुस्त्या घरपोच," हे वाक्य तो झोपेतही म्हणू शकला असता.

आई निवृत्त झाली तेव्हा तिच्याकडेही त्याने तीच टाकून दिली. बत्तीस वर्षं कचेरीत टायपिस्ट असलेल्या बाईने एकच अट घातली होती, "अक्षरं होती तिथेच पाहिजेत. या वयात मी बोटांना नव्याने शाळेत घालणार नाही." सुदैवाने जुन्या टाइपरायटरची मांडणी त्या प्रणालीत होती. आईने पहिल्याच दिवशी दोन पानं सपासप टाइप केली आणि "फुकटच्या मानाने बरं आहे" असं प्रशस्तिपत्रक दिलं. त्यानंतर दर पाच वर्षांनी मुदत संपत आली की तो येऊन पुढची आवृत्ती टाकून जायचा. ही तिसरी खेप.

या खेपेला मात्र मुदत नुसती कॉम्प्युटरची नव्हती.

"आई आता एकटी राहू शकत नाही," ताई गेले दोन महिने सांगत होती. "गॅस दोनदा उघडा राहिला. माझ्या मेलला उत्तर नाही. मी तिला माझ्याकडे घेऊन येते."

"तुझं आपलं काहीतरीच! रोज कॉम्प्युटर चालवणाऱ्या बाईला काय धाड भरलीय?" तो दर वेळी असाच उसळायचा. कारण आईने त्याचा हात धरून सांगितलं होतं, "मला या घरातून हलवू नका रे." शेवटी ताई म्हणाली होती, "रविवारी जाणारच आहेस ना? नीट बघ आणि खरं काय ते सांग. ती ठीक आहे असं तू म्हणालास तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

फायली उतरत होत्या. त्यांत त्यानेच लिहून दिलेली एक होती, 'आईसाठी' नावाची. मेल कसा उघडायचा, उत्तर कसं पाठवायचं, बंद कसं करायचं, सगळं मोठ्या अक्षरात. सवयीने त्याने मशीनची नोंद काढली, काय कधी उघडलं गेलं त्याची. माणसावर विश्वास ठेवू नका, नोंद बघा, असं तो हॉस्पिटलात बजावायचा. आईच्या मशीनची नोंद बघायची गरज त्याला कधी वाटली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी ती फाइल आठवड्यातून एकदा उघडलेली दिसत होती. मग रोज. मग एकेका दिवसात नऊ-नऊ, अकरा-अकरा वेळा. आणि गेल्या आठ महिन्यांत एकदाही नाही. कुठलीच फाइल नाही, मेल नाही, काही नाही.

मशीन मात्र रोज चालू झालं होतं. संध्याकाळी सहाला, नेमक्या त्याच्या फोनच्या वेळेला. "काय करतेस गं?" असं त्याने विचारलं की ती म्हणायची, "हे काय, कॉम्प्युटरवर बसलेय," आणि पलीकडून मशीनच्या पंख्याची घरघर त्याला ऐकू यायची. तेवढ्यावर तो निर्धास्त व्हायचा. त्याला स्वतःचाच राग आला.

"काय रे, बिघडलं का काही?" आईने विचारलं.

"नाही. चाललंय."

नवीन आवृत्ती चढायला तासभर लागला. त्या तासात त्याने दोनदा चहा केला, एकदाही पुरता प्यायला नाही. गॅसचं बटण तपासलं, गॅलरीत गेला, आत आला, पुन्हा बटण तपासलं. ठीक आहे म्हणालो तर आई इथेच राहील. पण कशी राहील? आणि खरं सांगितलं तर तिला हलवणारा मीच.

"तू जरा बस बघू एका जागी," आई म्हणाली. "डोळ्यांपुढे नुसत्या येरझारा घालतोयस."

चारला दहा मिनिटं असताना मशीन नव्याने सुरू झालं. त्याने चित्रं जुन्या जागी लावली, अक्षरांची मांडणी टाइपरायटरची केली आणि कोरं पान उघडून उठला.

"ये, एक-दोन ओळी टाइप करून बघ. अक्षरं जागेवर आहेत ना?" आवाज सहज ठेवायचा त्याने फार प्रयत्न केला.

आई बसली. पदराला हात पुसले. माउसकडे तिने पाहिलंही नाही. दोन्ही हात कळांवर ठेवले, पाठ ताठ केली आणि सुरू झाली. बोटं सपासप धावू लागली. मान वर, नजर स्क्रीनवर, ओळीमागून ओळ. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्याला वाटलं.

फोन वाजला.

"बोल," ताई म्हणाली. "काय बघितलंस? आणि हा खडखडाट कसला?"

"आई टाइप करतेय."

"आपली आई? एवढ्या वेगात?" ताई हसली, मग तिचा आवाज ओला झाला. "मी उगाच घाबरले रे. राहू दे मग तिला तिथेच. तू म्हणत होतास तेच खरं."

तो जिंकला होता. हो म्हणायला तोंड उघडलं, इतक्यात खडखडाट थांबला. त्याने स्क्रीनकडे पाहिलं. 'प्रति, सर्व शाखाप्रमुख. विषय: कर्मचाऱ्यांच्या बदल्यांबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की...' खाली तारीख होती, तो पहिलीत होता त्या वर्षाची.

आई खुर्ची मागे सारून उठली. साडी नीट केली, हात पुढे बांधले आणि बाजूला सरून त्याला जागा करून दिली.

"साहेब, एकदा नजर घालता का? म्हणजे सहीला ठेवते."

"हॅलो? काय म्हणाली रे ती?" ताई विचारत होती.

"ताई, फोन ठेवू नकोस," तो कसाबसा म्हणाला. "तू म्हणत होतीस तेच खरं होतं."

त्याने फोन टेबलावर ठेवला. आई उभीच होती, जराशी धास्तावलेली, एखादी चूक निघते की काय म्हणून. तो वाकला आणि त्याने ते पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, एकेक ओळ. चूक एकही नव्हती.

"उत्तम झालंय," तो म्हणाला. "बसा तुम्ही."