सुईवालीचा डोळा

सिंदी रेल्वे गावच्या जयवंताबाईंनी एका ब्लाउजची शिवण तीनदा उसवली. चौथ्यांदा उसवायला बसल्या तेव्हा सून रक्षाने कापड हातातून काढून घेतलं.

"आई, सरळच हाय हे. काऊन उसवून राह्यल्या?"

"सरळ? सापासारखी गेली ना बाई!"

त्यांनी उजवा डोळा हाताने झाकला, तर दाराची चौकटही मधोमध वाकलेली. डावा झाकला, तर सरळ.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वयामुळे डाव्या डोळ्याचा पडदा खराब होतोय. त्याच्यामागे कच्च्या रक्तवाहिन्या फुटून पाणी झिरपतंय. महिन्याला एक अशी आधी तीन इंजेक्शनं, मग गरजेप्रमाणे. थेट डोळ्यात.

"उशीर करू नका. गेलेली नजर सगळी परत येईलच असं नाही. उरलेली वाचवायची आहे."

"डोळ्यात सुई? पन्नास वर्षं सुई चालवली मी. कशी टोचते, मले मालूम हाय," म्हणत त्या घरी आल्या. रक्षाने दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा त्या उठून गेल्या.

महिन्याभराने एका सकाळी चहा घेताना त्यांनी पुन्हा उजवा डोळा झाकून पाहिला. समोर बसलेल्या रक्षाचे केस दिसले, कान दिसले. चेहऱ्याच्या जागी नुसता करडा डाग. कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "वर्ध्याची गाडी कितीले हाय?"

डॉक्टरांनी थेंब टाकून डोळा बधिर केला. थोडा दाब जाणवला, तेवढाच. "झालं," डॉक्टर म्हणाले. जयवंताबाईंना स्वतःचाच राग आला.

तिसऱ्या इंजेक्शननंतर रेषा सरळ दिसू लागल्या. डाग लहान झाला, पण गेला नाही. दोरा ओवताना नेम चुकतो, म्हणून ते काम रक्षाकडे आलं. कापड बेतणं आणि मशीन त्यांनी सोडलं नाही.

चौथ्या खेपेला दवाखान्यात सेलूचे सदाशिवराव भेटले. इंजेक्शनची त्यांची पहिलीच वेळ. पिशवी उचलून ते दाराकडे निघालेच होते.

"भाऊ, कुठं चालले?"

"पुढच्या महिन्यात येतो म्हटलं." मग हळूच विचारलं, "लई दुखते काय जी?"

"सुई नाई दुखत. मी महिनाभर घरी बसली ना, थे दुखते अजून."

सदाशिवराव दाराकडून मागे फिरले. मग शेजारच्या खुर्चीत बसले.

"तुम्ही पह्यले जा," ते म्हणाले. "बाहेर कशा येता, पाहतो मी."

जयवंताबाई हसल्या. तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं.